पहिले तिघे

पुस्तकबांधणीच्या दुकानावरच्या त्या खोलीत सगळे एकत्र बसले, ते वडिलांच्या पश्चात झालेल्या वाटणीनंतर पहिल्यांदाच. वाटणीच्या दिवशी ज्याने जी जागा धरली होती तीच त्याने आजही धरली. आई खिडकीशी. धाकटा भाऊ दाराशी, कारण तो वकील होता आणि त्याला दर थोड्या वेळाने बाहेर जाऊन फोनवर बोलावं लागे. घरातही त्याला सगळे वकीलच म्हणत. मधला भाऊ, ज्याच्या दुखण्यासाठी ही बैठक होती, तो कॉटवर उशीला टेकून. त्याची बायको शाळेत गणित शिकवायची, म्हणून ती मास्तरीण; ती त्याच्या पायांशी. आणि ताई, सगळ्यांत थोरली, भिंतीवरच्या लाकडी फळीखाली. तिचं मोठेपण त्या फळीवर ओळीने मांडून ठेवलेलं होतं.

ते मोठेपण म्हणजे तिचे शोधनिबंध. वडील होते तोवर तिचा एकही निबंध या घरात सुटा राहिला नाही. ताईने अंक आणून दिला की ते तिची पानं वेगळी काढत, शिवत, खळ लावत आणि निळ्या कापडाचा पुठ्ठा चढवत, मग निबंध सहाच पानांचा का असेना. कित्येकदा आतल्या मजकुरापेक्षा पुठ्ठाच जाड व्हायचा. वाचण्याच्या भानगडीत ते पडत नसत. पहिल्या पानावर लेखकांच्या नावांची जी लांबलचक आगगाडी असते, तिच्यावरून बोट फिरवत आपल्या मुलीचा डबा कुठे आहे तेवढं शोधायचे आणि दर वेळी तो मध्येच सापडायचा. "शाळेत कायम पहिली असायचीस," ते कुरकुरत. "इथे तुला मागे कोण ढकलतं?" ताईने त्यांना एकदा समजावून सांगितलं होतं, की या धंद्यात पहिलं नाव राबणाऱ्याचं असतं, शेवटचं प्रमुखाचं, आणि खरा मान शेवटच्या नावाला. ते काही त्यांना पटलं नाही. शेवटी उभा असलेला माणूस मोठा, असं त्यांनी कुठल्याच रांगेत पाहिलेलं नव्हतं. तरी त्यांनी तपकिरी कातड्याचा एक चांगला तुकडा गुंडाळून बाजूला ठेवला. ज्या दिवशी मुलीचं नाव शेवटी येईल त्या दिवशी कापड नाही, कातडं. पुढे वडील गेले, कातडं राहिलं. दुकान मधल्याकडे आलं आणि त्याबरोबर बहिणीला चिडवण्याचा हक्कही आला. घरात थोरली, पेपरात मधली, असं तो येता-जाता म्हणायचा.

आता या घरात एक गैरसमज होता आणि तो वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने नांदत होता. आईला वाटायचं, एक निबंध म्हणजे एक औषध. माझ्या मुलीने चाळिसाच्या वर औषधं काढलीत, असं ती शेजारपाजारी सांगत आली होती. सुरुवातीला ताईने एकदा तिला सांगून पाहिलं, पण आईचा चेहरा असा पडला की तिने तो विषय परत काढला नाही. लग्न केलं नव्हतं. त्याची चर्चा आणि त्यावरचं रडणं मागेच होऊन गेलं होतं. घरी येणं वर्षातून दोन-तीनदा. बोलायचं म्हटलं तर भावांना तिच्या कामातलं कळत नव्हतं आणि तिला त्यांच्या संसारातलं. या घरात तिला जागा होती ती त्या फळीएवढी. ती फळी तिने आपल्या हाताने कशाला उतरवली असती?

खरी गोष्ट अशी, की ताई औषधं काढत नव्हती. ती एका मोठ्या रुग्णालयात डॉक्टर होती आणि तिथे पहिल्या टप्प्याच्या चाचण्या करायची. नवीन औषध प्राण्यांवर तपासून झालं की माणसाला ते पहिल्यांदा जिथे दिलं जातं, तिथे ती उभी असायची. आजार बरा होतो का, हा तिथला प्रश्नच नसतो. शरीराला किती सोसतं, एवढंच तिथे पाहतात. म्हणून आधी अगदी थोडं देतात, तिघांना. तिघे धडधाकट राहिले तर पुढच्या तिघांना जरा जास्त. असं करत एक ठिकाण येतं जिथे थांबावं लागतं, आणि मग तो आकडा छापायचा. ताईच्या सगळ्या निबंधांत असे आकडे होते आणि सगळ्यांच्या शेवटी तेच वाक्य होतं, की अधिक अभ्यासाची गरज आहे. त्यातली बहुतेक औषधं पुढच्या पायरीवर पाय घसरून पडली. औषधांच्या दुकानापर्यंत पोचली ती दोन.

आजचा विषय वकिलाने काढला. त्याला कुठून तरी कळलं होतं, की ताईच्या रुग्णालयात नव्या औषधाची चाचणी सुरू होते आहे, ती अगदी मधल्याला झालेल्या कर्करोगाच्याच गाठीवर, आणि मुख्य संशोधक म्हणून नाव आहे ताईचं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," तो म्हणाला. "आम्ही डॉक्टरांचे उंबरठे झिजवतोय आणि औषध आपल्या घरात."

आईने चष्मा काढून मांडीवर ठेवला. मास्तरणीने ताईकडे असं पाहिलं की ताईला फळीखालून उठून जावंसं वाटलं. मधल्याला दोन औषधं देऊन झाली होती आणि तिसरं उरलं नव्हतं, हे मास्तरणीला ताईनेच फोनवर सांगितलं होतं, बराच वेळ, समजुतीच्या सुरात. त्या फोनवर या चाचणीबद्दल तिने ताकास तूर लागू दिली नव्हती.

"खरं आहे का हे, ताई?" मास्तरणीने विचारलं.

"खरं आहे."

"आणि तुम्हाला माहीत होतं. मी फोनवर रडत होते तेव्हासुद्धा."

ताईने मान हलवली. मग तिने नियम सांगितला, कारण नियम सांगणं तिला नेहमीच सोपं जायचं. जिथे ती प्रमुख असेल तिथे तिच्या रक्ताचं माणूस घेता येत नाही. घ्यायचं असेल तर तिने पूर्ण बाजूला व्हायचं. कागद बघायचे नाहीत, वॉर्डात जायचं नाही, कुणाला काही विचारायचं नाही. रुग्णालयाची समिती त्या बाबतीत फार कडक होती.

"म्हणजे पेपरातही नाव नाही," वकील म्हणाला. असं काही पकडण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे.

"नाही."

"आणि या पेपरात नाव कुठे येणार होतं?"

 उत्तर कॉटवरून आलं. "शेवटी," मधला म्हणाला. "होय ना? कातड्याचा पेपर."

कुणी हसलं नाही. पुढच्या वर्षी ताई निवृत्त होणार होती. दुसरा असा पेपर यायचा नव्हता, हे खोलीतल्या प्रत्येकाला आपोआप उमगलं. वकिलाने सावकाश, एकेक शब्द तोलत सांगितलं की तो कुणावर आरोप करत नाही, पण बाहेरच्या माणसाला हे कसं दिसेल याचा ताईने विचार करावा. एरवी दिराचं एक वाक्य खाली पडू न देणारी मास्तरीण आज त्याच्या बाजूने झाली. वाटणीच्या दिवशी याच दोघांनी एकमेकांना नको नको ते ऐकवलं होतं आणि तेव्हा मध्ये पडली होती ती ताई. आता ती दोघं एकीकडे होती, आई कुणीकडे ते अजून ठरत नव्हतं, आणि ताई एकटी होती. एकटं असण्याची तिला सवय होती. पण ती सवय परगावच्या हॉटेलांची होती, परिषदेच्या दुसऱ्या दिवशी सगळे जोडीजोडीने जेवायला निघतात तेव्हाची. आपल्याच घरात, आपल्याच नावांच्या फळीखाली तिला असं एकटं कधी वाटलं नव्हतं.

आणि सगळ्यांत वाईट हे, की ते म्हणत होते त्यात खोटं काही नव्हतं. तिला ते नाव हवं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मधोमध उभी राहिल्यावर एकदा तिला टोकाला उभं राहायचं होतं. भावाच्या तपासणीचा अहवाल हातात आला त्या दुपारी तिच्या मनात पहिला विचार भावाचा आला, पण दुसरा या पेपराचा आला, आणि दोन्हींमध्ये फारसं अंतर नव्हतं. याची तिला लाज वाटत होती. मात्र ती गप्प राहिली त्याचं कारण एवढंच नव्हतं, आणि दुसरं कारण सांगायचं तर फळी उतरवावी लागणार होती.

ते काम शेवटी आईनेच केलं. तिला नावाचा काही पत्ता लागत नव्हता. तिने साधा हिशेब मांडला. इतकी औषधं काढलीस, त्यातलं एखादं भावाला लागू पडेलच की. हे नवं नसेल द्यायचं तर जुनं दे. फळीकडे बोट दाखवत ती म्हणाली, "यातलं कुठलंही दे."

तेव्हा ताईने सांगितलं. अगदी सावकाश सांगितलं, एखाद्या रुग्णाच्या आईला सांगावं तसं. या निबंधांत औषधं नाहीत. कुठलं औषध माणसाला किती सोसेल, एवढंच त्यांत आहे. दोन सोडली तर बाकी सगळी बंद पडली. कुणाच्या कामी आलीच नाहीत.

आई बराच वेळ फळीकडे पाहत राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मग इतकी वर्षं तू काय करत होतीस?"

खालून, दुकानातून, कातरयंत्राचा आवाज येत होता. कारागीर एकटाच काम उरकत होता. ताईला या प्रश्नाची उत्तरं परिषदांतून देता येत होती, नवख्या डॉक्टरांना देता येत होती. आईला द्यायला तिच्याकडे काही नव्हतं. "किती सोसतं ते बघत होते," ती म्हणाली.

वकील फोनचं निमित्त करून बाहेर गेला. मास्तरीण उठली आणि तिने चहा टाकला. सगळ्यांना कप दिले आणि मग ताईचा कप हातात देताना ती तिथेच, फळीखाली, जमिनीवर बसली. गणिताचं डोकं होतं. इतका वेळ ती मनात मांडणी करत होती.

"ताई, नव्या औषधाचे पहिले तिघे अजून यायचेत?"

"यायचेत."

"म्हणजे हे गेले तर त्या तिघांत."

"हो."

"आणि पहिल्या तिघांना सगळ्यांत थोडं देता."

"हो."

"इतकं थोडं की त्रास होऊ नये." मास्तरीण थांबली. "मग गुण तरी कसा येणार?"

"बहुतेक येत नाही," ताई म्हणाली.

"बहुतेक म्हणजे? वर्गात मुलं असं म्हणाली तर मी आकडा मागते."

"आकडा सांगितला तर तुला झोप लागणार नाही."

मास्तरणीने आकडा मागितला नाही. तिने विचारलं, "हे तुम्ही त्या लोकांना सांगता?"

"सांगते. सह्या घ्यायच्या आधी दोनदा सांगते."

"आणि तरी येतात?"

"येतात. काही जण ऐकतच नाहीत, त्यांना फक्त नवं औषध एवढंच ऐकू येतं. काही जण नीट ऐकून येतात."

 ताई का गप्प राहिली होती ते मास्तरणीला कळलं होतं, आणि कळल्यामुळे तिला काही बरं वाटलं नव्हतं. तिने स्वतःचा चहा घेतलाच नाही. मगाशी जी ताईच्या विरुद्ध होती ती आता कुणाच्याच बाजूला नव्हती. तिला बाजू नको होती, नवरा हवा होता.

मगाचं ते बोलून झाल्यापासून मधला डोळे मिटून पडला होता. झोपला असेल असं वाटून सगळे त्याच्याबद्दल त्याच्यादेखत बोलत होते. त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "ताई, मला खाली ने. या बैठकीत माझं काही काम दिसत नाही."

जिना उतरायला त्यांना वेळ लागला. पूर्वी तो हाच जिना पुठ्ठ्यांची चळत खांद्यावर घेऊन चढायचा. आता बहिणीच्या खांद्यावर त्याचा हात होता आणि तो हात तिला रिकाम्या पिशवीसारखा हलका लागला. कारागिराला त्याने जेवून यायला सांगितलं. मोठ्या टेबलाशी दोघं समोरासमोर बसली. खळीचा वास होता, कागदाची धूळ होती, आणि दाबयंत्रात कुणाचे तरी हिशेबाचे खंड आवळून ठेवले होते.

"आता मला सांग," तो म्हणाला. "बाहेरच्या माणसाला सांगतेस तसं. मी तुझा भाऊ नाही असं समज."

ताई म्हणाली, हे तिला करता येणार नाही, नियमात बसत नाही, दुसरी डॉक्टर सांगेल. तो म्हणाला, दुसरी सांगेल तेव्हा ऐकेन, सही तिच्यासमोरच करेन, पण आत्ता तू सांग. तुझं काम मी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नाही. बांधलं फक्त.

मग ताईने खुर्ची जरा पुढे घेतली, हात टेबलावर ठेवले आणि सवयीने सुरुवात केली. "तुम्हाला मी जे सांगणार आहे," ती म्हणाली, आणि ते 'तुम्ही' दोघांनाही ऐकू आलं. तिला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. ती पुढे बोलत राहिली. हे औषध माणसाला अजून कुणी दिलेलं नाही. ते कितपत सोसतं एवढंच आम्हाला पाहायचं आहे. तुम्हाला त्याचा फायदा होईल असं मी सांगू शकत नाही. व्हावा अशी माझी इच्छा आहे, पण इच्छा हे काही कारण नाही. रक्त वरचेवर काढू. काही दिवस वॉर्डात राहावं लागेल, आणि तेवढे दिवस तुम्ही घरी नसाल. हे शेवटचं मी सगळ्यांना मुद्दाम सांगते, कारण कागदावर ते बारीक अक्षरांत असतं. तुम्ही केव्हाही नको म्हणू शकता. नको म्हटल्याबद्दल कुणी रागावणार नाही.

तिने बोलताना त्याच्याकडेच पाहिलं, कारण पाहायचं असतं. तिला या कामाची इतकी सवय होती की आवाज कुठेही हलला नाही. बोलणं संपलं तेव्हा मात्र तिला आपले हात उचलता येईनात.

"छान सांगतेस," मधला म्हणाला. "बाबांनी एकदा ऐकायला हवं होतं." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "पेपरात माझं नाव असतं का?"

"रुग्णांची नावं नसतात. पहिला गट, तीन रुग्ण, एवढंच."

"मग तिघांत मला मधला टाक. सवय आहे."

आता ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तिने त्याला सांगितलं, जाऊ नकोस. डॉक्टर म्हणून नव्हे, बहीण म्हणून सांगते. नावाचं राहू दे, नाव गेलं खड्ड्यात. पण राहिलेले दिवस वर त्या खोलीत काढ, तुझ्या माणसांत. त्याने ते सगळं ऐकून घेतलं.

"वर काय आहे ते बघितलंस ना?" तो म्हणाला. "आई माझ्याकडे बघते आणि तोंड फिरवते. हिला झोप नाही. धाकटा रोज एक नवा डॉक्टर शोधून आणतो. मी नुसता पडून असतो आणि सगळे माझ्यामुळे दमतात. तिकडे निदान मी काहीतरी करत असेन." मग तो म्हणाला, "तू सांगितलंस ते सगळं मला कळलंय. मला ऐकून येणाऱ्यांत धर."

 असं म्हणणारे ताईने पाहिले होते. त्यांच्यापुढे ती नेहमी मान लववून सहीचा कागद सरकवत आली होती.

"एकच अट आहे," तो म्हणाला. "डॉक्टर मला पुष्कळ मिळतील. बाहेर बसायला कुणी नाही. हिला रुग्णालयात पाय ठेवला की चक्कर येते, आईला नेण्यात अर्थ नाही, आणि धाकटा बसला तर वॉर्डावर खटला भरेल. तू बस बाहेर. आणि वरच्यांना आकडे सांगत बसू नकोस. त्यांना नवं औषध एवढंच ऐकू येऊ दे."

अशा रीतीने ठरलं. वर गेल्यावर आईने दोघांना जवळ बसवून घेतलं.  ताईने किती मोठा त्याग केला हे वकिलाने इतक्या वेळा बोलून दाखवलं की मधल्याने त्याला फोन वाजतोय असं खोटंच सांगितलं. मगाशी जी आरोपी होती तिची आता सगळ्यांनी देवी केली, आणि दोन्ही वेळा तिला कुणी नीट पाहिलं नव्हतं. मास्तरणीने मात्र तिच्याकडे एकदा पाहिलं. दोघींना एकच गोष्ट माहीत होती आणि ती दोघींना एकमेकींशीही बोलायची नव्हती. निघताना ताईने फळीकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने समितीला पत्र दिलं. वॉर्डाचं दार तिच्या कार्डाने उघडायचं, ते उघडेनासं झालं. चाचणी तिच्या ज्युनिअरकडे गेली. मुलगी हुशार होती. ताईच्या हाताखालीच तयार झालेली. पण आता तिला काही विचारायचं नव्हतं आणि तिने काही सांगायचं नव्हतं. उपाहारगृहात दोघी समोरासमोर आल्या की हवापाण्याचं बोलायच्या, आणि त्यातही ज्युनिअर लवकर उठायची. ताईच्या टेबलावर बाकीची कामं होती. ती ती करायची आणि भावाचा वॉर्डाचा दिवस असला की बाहेरच्या मार्गिकेत जाऊन बसायची.

तिथल्या खुर्च्या कधीकाळी तिच्याच सहीने आल्या होत्या. स्वस्त, एकमेकींना जोडलेल्या, पाठीला टेकलं की पुढे ढकलणाऱ्या. इतक्या वर्षांत ती त्यांच्यापुढून दिवसाकाठी कितीदा गेली असेल, पण बसली नव्हती. एकजण हलला की सगळी रांग हलते हे तिला आता कळलं. दार उघडलं की बसलेले सगळे एकदम वर पाहतात हेही कळलं. पूर्वी ती दारातून बाहेर यायची तेव्हा इतकी तोंडं आपल्याकडे का वळतात, याचा तिने कधी विचार केला नव्हता. तिला वाटायचं, त्यांना घाई असते.

आतून मधला कधीमधी फोन करायचा. त्रास काही नाही म्हणायचा. जेवण बेचव आहे, शेजारचा पेशंट घोरतो, नर्सच्या वहीची शिवण सुटली होती ती मी लावून दिली. गुणाबद्दल तो बोलत नसे आणि ती विचारत नसे. संध्याकाळी ती आईला फोन करून सांगायची, ठीक आहे. आई म्हणायची, औषध लागू पडत असणार. मग फोन ठेवून ती आपल्या घरी जायची, दिवा लावायची आणि कुणाशी काही बोलायचं नसल्यामुळे लवकर आडवी व्हायची.

मग नवीन तपासणीचा दिवस आला. गाठ आहे तेवढीच आहे, की वाढली, ते आज दिसणार होतं. ताई सकाळपासून खुर्चीत होती. मास्तरीण येते म्हणाली होती, तिला ताईनेच नको म्हटलं. दार उघडलं, मिटलं. कुणाच्या तरी नातेवाइकांना बोलावलं. दार परत मिटलं.

आपल्या हाताखालच्या मुलांना ताईने बरंच काही शिकवलं होतं. नातेवाइकांशी उभ्या उभ्या बोलू नये, हे त्यातलंच. बातमी चांगली असेल तर दारातूनच सांगितली तरी चालते, लोक तुमच्या तोंडावरून ओळखतात. पण वाईट असेल तर आधी खुर्ची घ्या, बसा, मग बोला. समोरच्याला कळू द्या की तुम्हाला घाई नाही.

दार उघडलं आणि ज्युनिअर बाहेर आली. सगळ्यांबरोबर ताईनेही वर पाहिलं. ज्युनिअर दारात थांबली नाही. ती रांगेपाशी आली, ताईच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर बसली आणि तिने हातातले कागद मांडीवर पालथे ठेवले. तिच्या बसण्याने सगळी रांग हलली.

"मॅडम," ती म्हणाली, आणि पुढचं तिने तसंच सांगितलं जसं तिला शिकवलं होतं. साध्या शब्दांत, आडपडदा न ठेवता. आवाज कुठेही हलला नाही.

ताईला सगळं समजलं. समजायला काही उरलंच नव्हतं. ज्युनिअरने खुर्ची घेतली तेव्हाच समजलं होतं. चाळिसाच्या वर निबंध जिच्या नावावर होते, तिच्या तोंडून यावर एखादा नेमका, शहाणा प्रश्न यायला हवा होता. ज्युनिअर त्याची वाट पाहत होती.

"पण थोडा तरी," ताई म्हणाली. "थोडा तरी फरक असेल ना?"

हा प्रश्न तिने या मार्गिकेत आयुष्यभर ऐकला होता, आणि त्यावर काय म्हणायचं ते तिनेच ज्युनिअरला शिकवलं होतं. घाईने काही बोलायचं नाही. हातावर हात ठेवायचा आणि गप्प बसायचं. ज्युनिअरने तिच्या हातावर हात ठेवला.